गवताच्या पड रानात आंब्याची कलमं: आख्खं रान नांगरावं का?

माणदेशी: नमस्कार मंडळी. दहिवडीजवळ दीड एकर मुरमाड रान आहे, वडिलांच्या काळापासून पड. वरच्या अंगाला पवन्या आणि कुसळी ही गवतं, खाली हरळी माजलीय. जूनमध्ये केशर आंबा लावायचाय. ट्रॅक्टरवाला म्हणतो, रोटर मारला की रान मऊ. पण याच गवतावर दोन गाई निघतात, सगळं मोडायला जीव होत नाही. कसं करावं?

सासवडची मावशी: दादा, हरळीत रोटर घालूच नका. काशांचे (जमिनीतल्या आडव्या खोडांचे) तुकडे होतात आणि प्रत्येक पेऱ्याला नवा कोंब फुटतो. आमच्या शेजारी पावसाळ्याच्या तोंडाशी रोटर फिरला, श्रावणात रान पहिल्यापेक्षा दाट हिरवं!

आख्खं रान मोडायची गरजच नाही. कलमांच्या ओळीपुरता सहा फुटांचा पट्टा, उताराला आडवा, एप्रिलच्या कोरड्यात नांगरानं उलथा. ढेकळं फोडू नका, काशा वर पडून उन्हानं कडक वाळल्या पाहिजेत. मग दाताळ्यानं वेचून रानाबाहेर काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण यातच सगळं आहे. मधलं गवत राहू द्या, ते माती धरून ठेवतं.

खड्डे तीन फूट लांब, रुंद, खोल, मे महिन्यात चांगले तापू द्या. वरची माती एकीकडे, मुरूम दुसरीकडे. भरताना वरची माती, कुजलेलं शेणखत आणि दीड किलो सिंगल सुपर फॉस्फेट. जमिनीपेक्षा वीतभर उंच भरा, पावसात खाली बसतं. उपटलेलं, न कुजलेलं गवत आत पुरू नका. कुजताना ते नत्र ओढतं आणि कलम पिवळं पडतं.

बांधावरून: मावशींच्या म्हणण्यात एक भर. जुन्या गवताच्या मुळांत हुमणी (भुंगेऱ्याची पांढरी अळी) असते, ती कोवळी मुळं कुरतडते. अर्धकच्चं शेणखत तर तिला आवडतंच. वळवाच्या पावसानंतर अंधार पडताना बाभळी-कडुनिंबावर भुंगेरे बसतात. फांद्या हलवून पाडा आणि रॉकेलच्या पाण्यात टाका. खड्ड्याच्या खतात मेटारायझियम ही हुमणी मारणारी बुरशीही मिसळा.

माणदेशी: पट्ट्याचं पटलं. पण पावसात आळ्यात गवत परत आलं तर? आणि गाई?

सासवडची मावशी: येणारच. पहिली दोन वर्षं खोडाभोवती दीड-दोन हात जागा खुरपून मोकळी ठेवा. ओल असते तोवर गवत ती आधी पितं, कलमाला उरत नाही. पट्ट्यांमधला पवन्या फुलोऱ्यात कापा, कुसळीला कुसळं धरायच्या आधी कोयता लावा. थोडं वाळवून आळ्यात जाड अंथरा, खोडापासून चार बोटं लांब, नाहीतर वाळवी चढते. बाकीचं गाईंना घाला. गाई मात्र तिथं सोडू नका, कापूनच घाला. शेळ्या असतील तर बोराटीचं कुंपण आधी, कलमं नंतर.

माणदेशी: शेजाऱ्यांच्या शेळ्या आहेत, म्हणजे बोराटी आताच तोडायला हवी. या आठवड्यात ओळी आखतो.