'विस्थापित' एक्झायटॉन?

रंगपट: भाषांतरात एक खोळंबा झालाय. मजकूर जांभळ्या जीवाणूंच्या एलएच-२ या प्रकाशग्राही संकुलाचा. त्यातल्या बी-८५० कड्यात (८५० नॅनोमीटरला शोषणारं, म्हणून हे नाव) बॅक्टेरियोक्लोरोफिल या रंगद्रव्याचे १८ रेणू खेटून बसलेले असतात, शेजाऱ्यांच्या मधोमध असलेल्या मॅग्नेशियम अणूंमध्ये जेमतेम ०.९ नॅनोमीटर अंतर. प्रकाश शोषला की उत्तेजन एकाच रेणूचं राहत नाही, अनेकांचं मिळून एक होतं. हेच ते 'डीलोकलाइज्ड', आणि असं उत्तेजन म्हणजे एक्झायटॉन. संपादनात त्याचं 'विस्थापित एक्झायटॉन' झालंय. मला खटकतंय. तुम्ही काय लिहाल?

कोशकीटक: खटकायलाच हवं. विस्थापित म्हणजे मूळ जागेवरून उठवलेला. शिवाय शाळेपासून 'अंतर आणि विस्थापन' डोक्यात बसलंय. 'विस्थानित' करा, वि + स्थान, सरळ आहे.

क्युव्हेट: विस्थानित लिहा, मुद्रितशोधक पहिल्याच वाचनात त्याचं विस्थापित करून ठेवेल. साधं 'पसरलेला' का नको?

रंगपट: पसरण्यात वेळ जातो, तेलाचा डाग पसरतो तसा. इथे शोषणाच्या क्षणीच अवस्था सामाईक असते. आणि त्याच संकुलात खरोखर जागा बदलणारं उत्तेजनही आहे, म्हणून घोटाळा जास्त. बी-८०० कड्यात ९ रेणू, एकमेकांपासून सुमारे २.१ नॅनोमीटरवर. तिथे उत्तेजन बरंचसं एकेका रेणूवर बसतं आणि साधारण एका पिकोसेकंदात बी-८५० वर उडी मारतं. 'विस्थापित' वापरायचंच तर त्या उडीला वापरा!

कोशकीटक: मग तुम्हीच उत्तर दिलंत की. 'सामाईक'.

तळटीप: सामाईक म्हटलं की सारखे हिस्से वाटतात. सामान्य तापमानाला रेणूंच्या ऊर्जा थोड्या वरखाली असतात, त्यामुळे अठराही जण भागीदार नसतात. अंदाज बहुधा तीन-चार रेणूंचे. थंड केल्यावर वाढतात, आणि मोजण्याची पद्धत बदलली की आकडाही बदलतो.

क्युव्हेट: सामाईक विहिरीत तरी हिस्से कुठे सारखे असतात?

कोशकीटक: पण मुळात 'एक्झायटॉन' तसाच का ठेवलाय? फ्रेंकेलने १९३१ मध्ये ही कल्पना मांडली, त्याला शतक होत आलं. इलेक्ट्रॉनला विजाणू केलं तसं 'उत्तेजकण' करता येईल.

तळटीप: उत्तेज-कण की उत्तेजक-ण? आणि 'उत्तेजक' म्हटलं की खेळाडूंच्या चाचण्या आठवतात. विजाणू तरी प्रयोगशाळेत कोण म्हणतं? एक्झायटॉन राहू द्या.

कोशकीटक: मग 'प्रकाशसंश्लेषण' तरी कशाला, फोटोसिंथेसिसच म्हणा.

क्युव्हेट: रुळलेला शब्द काढा असं कोणी म्हटलेलं नाही. माझी तक्रार दुसरीच आहे, 'रेड शिफ्ट'साठी लिहिलेलं 'तांबड्याकडे सरकणे'. सुटा रेणू द्रावकात ७७० नॅनोमीटरच्या आसपास शोषतो, कड्यात ८५० ला. दोन्ही आधीच तांबड्याच्या पलीकडे, अवरक्तात. म्हणजे पट्टा तांबड्याकडे नाही, तांबड्यापासून दूर जातो! 'लांब तरंगांकडे' म्हणा.

तळटीप: हे पटलं. आणि 'एक्झायटॉनमुळे सरकला' एवढंच लिहून थांबू नका. ७७० ते ८५० म्हणजे ऊर्जेत सुमारे १२०० सेंमी⁻¹. शेजाऱ्यांमधलं युग्मन, म्हणजे 'कपलिंग', ३०० सेंमी⁻¹ धरलं तर कड्याच्या वाट्याला त्याच्या दुपटीहून थोडं कमी, म्हणजे निम्मंच. उरलेलं प्रथिनाचं काम, हायड्रोजन बंध वगैरे.

रंगपट: 'युग्मन'मध्ये जोडीच दिसते. अठरा जणांचं युग्मन?

क्युव्हेट: जोडी हाच तर घटक आहे. रोडोस्पिरिलम रुब्रम या जांभळ्या जीवाणूचं एलएच-१ हे दुसरं प्रकाशग्राही संकुल घ्या, त्यातली कॅरोटिनॉइड रंगद्रव्यं काढून टाकलेलं. ऑक्टाइल ग्लुकोसाइड हे डिटर्जंट थोडं थोडं घालत प्रत्येक वेळी वर्णपट घ्या. ८७३ चा पट्टा बसतो, ८२० ला नवा उठतो, ती जोडी. आणखी घातलं की ७७७, म्हणजे सुटे रेणू. पातळ करून थंडाव्यात ठेवलं तर बऱ्याच अंशी परत ८७३. मात्र ६८० च्या आसपास उंचवटा दिसला तर रंगद्रव्याचं ऑक्सिडीकरण झालंय, तो नमुना टाकून द्या. उजेडात उघडा राहिला असणार.

कोशकीटक: 'पट्टा बसतो' छान. पण ७७ केल्विनला गोठवता त्याला 'काच' म्हणता, ते चालतं?

क्युव्हेट: काचच ती, बर्फ नव्हे. ग्लिसरॉल आकारमानाने ६० ते ६५ टक्के हवं. कमी पडलं तर स्फटिक होऊन नमुना दुधाळ होतो, घाईने थंड केला तर तडे जातात. दोन्हींत प्रकाश विखुरतो आणि आधाररेषा लहान तरंगांकडे वर चढते. शोषकता शिखरावर ०.३ च्या आसपास ठेवा, प्रतिदीप्तीसाठी (फ्लुओरेसन्स) ०.१ च्या खाली.

तळटीप: 'आधाररेषा' की 'पायारेषा'?

कोशकीटक: पायारेषा. आधाररेषा हा भूमापनातला शब्द.

रंगपट: आणि माझं विस्थापित?