मदत हवी आहे : कसबा पोटनिवडणूक 2023, बूथनिहाय आकडे कसे जुळवायचे?

नमस्कार मंडळी,

लेकीचा टी.वाय.ला राज्यशास्त्राचा प्रकल्प आहे आणि विषय तिने हट्टाने घेतलाय : पुण्यातल्या कसबा पेठ विधानसभेची पोटनिवडणूक. आम्ही नारायण पेठेतले, त्यामुळे घरी येणारा प्रत्येक जण या विषयातला तज्ज्ञ. पण बाईंनी बजावून सांगितलंय, कट्ट्यावरच्या गप्पा नकोत, आकडे दाखव. गाडी तिथेच अडली आहे.

पुण्याबाहेरच्यांसाठी थोडक्यात. डिसेंबर 2022 मध्ये आमदार मुक्ता टिळक गेल्या. 26 फेब्रुवारी 2023 ला मतदान झालं (आधी 27 ठरली होती, बारावीच्या परीक्षेमुळे एक दिवस अलीकडे आणली), 2 मार्चला निकाल. काँग्रेसचे रवींद्र धंगेकर भाजपच्या हेमंत रासन्यांवर साधारण 11 हजारांनी जिंकले. 1995 पासून आधी गिरीश बापट, मग टिळक अशी भाजपकडे असलेली जागा गेली. प्रचारातलं भाजपच्या चंद्रकांत पाटलांचं ‘हू इज धंगेकर’ सगळ्यांना आठवत असेलच.

लोक म्हणतात, टिळकांच्या घरात तिकीट दिलं नाही म्हणून सदाशिव-नारायण-शनिवार या ब्राह्मणबहुल पेठा नाराज झाल्या आणि निकाल फिरला. असेलही. पण मग नाराजीच्याच मुद्द्यावर उभे राहिलेल्या हिंदू महासभेच्या आनंद दव्यांना तीन आकडी मतं कशी? आणि बेरीज बघा. 2019 ला टिळकांना 75 हजार, 2023 ला रासन्यांना 62 हजार, म्हणजे 13 हजार घटली. काँग्रेस मात्र 47 हजारांवरून 73 हजारांवर गेली, 26 हजार वाढ! 2019 ला शिवसेनेचा बंडखोर आणि मनसे यांनी मिळून 20 हजारांच्या वर मतं घेतली होती, 2023 ला ते दोघेही रिंगणात नव्हते. ती मतं कुठे गेली हे कोणी विचारतच नाही. मला तरी पेठांच्या नाराजीपेक्षा हा प्रश्न मोठा वाटतो.

आता अडचण. फॉर्म 20 (निकालाचा केंद्रनिहाय अधिकृत तक्ता) मिळाला, पण त्यात केंद्राचा नुसता क्रमांक आणि मतं, पत्ता नाही. 2019 चं अमुक नंबरचं केंद्र 2023 ला त्याच नंबरवर असेलच असं नाही. वर स्कॅन इतका दिव्य की 3 आणि 8 मध्ये फरक कळत नाही, काही पानं तर आडवी. पश्चिमेकडच्या पेठा एकीकडे आणि पूर्वेकडचे लोहियानगर, काशेवाडी, गंज पेठ दुसरीकडे असे गट पाडायचे कसे? एका ओळखीच्यांनी मतदारयादीतली आडनावं मोजून जात काढायचा सल्ला दिलाय. मला ते पटत नाही, पण पर्यायही सुचत नाही.

जाणकारांनी मार्ग दाखवावा. राजकीय धुळवड कृपया दुसऱ्या धाग्यावर.

प्रतिसाद
आडनावांच्या फंदात पडू नका. यादीत नाव पेठेत आणि बिऱ्हाड सिंहगड रोडला असे शेकड्याने सापडतील. मतदानाला कोण आलं हे त्या यादीवरून कळतच नाही.

केंद्र क्रमांक सोडा, इमारत धरा. त्या-त्या वर्षीची मतदान केंद्रांची यादी वेगळी मिळते, तिच्यात शाळेचं नाव आणि खोली असते. मतदार वाढले की एका केंद्राची दोन होतात आणि पुढचे सगळे नंबर सरकतात, शाळा मात्र सहसा तीच राहते. एका शाळेतली सगळी केंद्रं एकत्र बेरजेला घ्या. शंका आली तर मतदारयादीच्या त्या भागाचं पहिलं पान बघा, कोणते रस्ते आणि घरं त्यात येतात ते तिथे लिहिलेलं असतं. टपाली मतं फॉर्म 20 च्या शेवटी वेगळी असतात, ती कुठल्याही पेठेत घालू नका. आणि 3-8 चा घोळ असेल तर ओळीची बेरीज करून बघा, बेरीज चुकली की आकडा चुकला.

प्रतिसाद
2019 शी तुलना कशाला? नोव्हेंबर 2024 ची विधानसभा घ्या. धंगेकर विरुद्ध रासने, तीच जोडी, तोच मतदारसंघ, आणि निकाल उलटा. उमेदवार तेच असल्याने अर्धी गुंतागुंत तिथेच संपते. मधल्या, 2024 च्याच लोकसभेलाही धंगेकर भाजपच्या मुरलीधर मोहोळांच्या मागे पडले ते कसब्यातसुद्धा. फक्त 2024 ला मतदान जास्त झालं होतं, तेव्हा टक्केवारीबरोबर प्रत्यक्ष मतंही शेजारी मांडा, नाहीतर मतं फिरली की नवे मतदार बाहेर पडले हे कळणार नाही.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. 2024 चं डोक्यातच आलं नव्हतं, लेक आत्ताच तो फॉर्म 20 शोधायला बसली आहे. शाळेच्या हिशोबाने आम्ही आधी नारायण पेठेची दोन-तीन केंद्रं करून बघतो. जमलं तर तक्ता इथेच टाकते, चुका काढायला या.