सॉइल कॉम्पॅक्टर तापला की चढ सोडतो, पंप खोलू का?

रोलरवाला_बीड: ११ टनी कॉम्पॅक्टर, मुरमाचा भराव चालू आहे. सकाळी झकास चढतो. अकरा वाजले, ऑइल तापलं की त्याच चढावर जागीच उभा. इंजिनाचा आवाजसुद्धा बदलत नाही. ऑइल लेव्हल बरोबर, फिल्टर नवा. मेकॅनिक म्हणतो पंप गेला. खर्च ऐकून झोप उडालीय.

मुरूममाती: टो केला होता का कधी? ओढताना चाकं मोकळी फिरावीत म्हणून उघडतात तो बायपास उघडा राहिला असेल. आमच्या पोरांनी तसंच केलं होतं, दोन दिवस पंपाला शिव्या.

फिटर_चाकण: मग सकाळीही चढला नसता, भाऊ.
दादा, आधी चार्ज प्रेशर मोजा, म्हणजे मेन पंपाला ऑइल पुरवणाऱ्या छोट्या चार्ज पंपाचं प्रेशर. बहुतेक मशिनांत २० ते ३० बार असतं, तुमचा आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. ६०० बारचं गेज नको, काटा हलल्याचं कळणारही नाही. ६० चं घ्या, पण फक्त चार्ज पोर्टला! मेन पोर्टला लावलंत तर फुटेल. थंड असताना आणि तापल्यावर, न्यूट्रलमध्ये आणि चालवताना, चारही आकडे टाका.

रोलरवाला_बीड: थंड २४. गरम ११, तेही न्यूट्रलमध्येच. चालवताना दोन्ही वेळा जेमतेम एखादा बार उतरतो.

फिटर_चाकण: न्यूट्रलला ठीक राहून चालवताना पडलं असतं तर चाक फिरवणारी ऑइलची मोटर किंवा गरम ऑइल बाहेर सोडणारा फ्लशिंग व्हॉल्व्ह, यांवर गेलो असतो. इथे चार्ज पंपालाच ऑइल पुरत नाही, असा माझा संशय. रिलीफ (जादा प्रेशर सोडणारा व्हॉल्व्ह), चार्ज पंप नंतर बघू. ११ बारला पार्किंग ब्रेकही पूर्ण सुटत नसेल, तो स्प्रिंगने लागतो आणि याच प्रेशरने सुटतो. टाकीतून पंपाकडे ऑइल येतं ती सक्शन होज कधी बदलली?

रोलरवाला_बीड: दिवाळीत. साधीच मिळाली.

फिटर_चाकण: गरम असताना, इंजिन चालू ठेवून बघा. फॅनपासून हात लांब.

रोलरवाला_बीड: बघितली राव! बेंडवर चपटी झालेली, चिंचेच्या बोटुकासारखी. इंजिन बंद केलं की हळूहळू फुगून गोल. आत आधाराची तारच नाही.

रोलरवाला_बीड (दोन दिवसांनी): तारेची सक्शन होज टाकली. दुपारी दोनला, गरम, २२ बार. चढला. पंपाला काही झालं असेल का?

फिटर_चाकण: इतके महिने उपाशी चाललाय, झालेलं असू शकतं. जुना फिल्टर कापून बघा, पितळी चुरा आहे का.

रोलरवाला_बीड: भंगारात गेला. आत्ता लावलाय तोच रविवारी काढून कापतो.