देव्हाऱ्यात देवी, पण सातबारा कुणाचा?

खापरतुकडा
आमच्या कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर परवा एक मजकूर फिरत आला. प्राचीन युरोपात म्हणे सगळीकडे आदिमातेची पूजा चालायची, वंश आईकडून मोजायचे, लढाया कुणाला ठाऊक नव्हत्या. मग पूर्वेकडून घोडेस्वार आले, आपले पुरुषदेव घेऊन आले आणि बायका चुलीपाशी गेल्या. सोबत विलेनडॉर्फच्या त्या गुबगुबीत बाईचा फोटो.

देवीची मूर्ती सापडली म्हणजे वंश आईकडून चालायचा, ही उडी मला मान्य नाही. ही बाई १९०८ साली ऑस्ट्रियात सापडली. चुनखडीची, जेमतेम ११ सेंटिमीटर, तळहातात मावेल एवढी. वय ३० हजार वर्षांच्या आसपास. ती देवी होती, बाळंतपणाचा ताईत होता की कुणाची बाहुली, हे तिच्या अंगावर लिहिलेलं नाही. बरं, लिखित पुरावा आहे तिथे काय दिसतं? अथेना म्हणजे अथेन्सची मालकीण. तिच्यासाठी पार्थेनॉन बांधलं, आणि त्याच गावच्या सभेत बाईला मत नव्हतं. रोमने इ.स.पू. २०४ मध्ये, शत्रूचा सेनापती हॅनिबल इटलीत ठाण मांडून बसलेला असताना, आशिया मायनरमधून सिबिली या महामातेची काळी शिळा वाजतगाजत आणली. त्याच रोमात बापाला पोरांच्या जन्ममरणाचा हक्क होता. नवरात्रात नऊ दिवस अनवाणी चालणाऱ्या घरांचे सातबारे कुणाच्या नावावर असतात, तेही एकदा बघा.

जास्वंद
ज्यांच्या मांडणीवरून तो मजकूर बेतलाय त्या पुरातत्त्वज्ञ मारिया गिंबुटास यांचं नावसुद्धा तुम्ही घेतलं नाहीत. लिथुआनियात जन्मलेली, युद्धात देश सोडावा लागलेली, पुढे कॅलिफोर्नियात प्राध्यापक झालेली बाई. बाल्कनमध्ये स्वतः उत्खननं केली. काळ्या समुद्राच्या उत्तरेच्या गवताळ प्रदेशातून पशुपालक टोळ्या युरोपात आल्या आणि इंडो-युरोपीय भाषा (संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांचं कूळ) त्यांनी आणल्या, हे त्यांनी १९५६ मध्ये मांडलं. कॉलिन रेनफ्रूंसारखे बडे पुरातत्त्वज्ञ म्हणत होते की भाषा शेतीबरोबर अनातोलियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून, आल्या. २०१५ साली प्राचीन डीएनएचे दोन मोठे अभ्यास आले आणि ते स्थलांतर खरं निघालं. २०१७ मध्ये रेनफ्रूंनी भर व्याख्यानात ते मान्य केलं. मान्य झालेलं ऐकायला बाई नव्हत्या, त्या १९९४ लाच गेल्या. तेव्हा त्यांच्या देवीला ‘व्हॉट्सॲप’ म्हणून उडवून लावण्याआधी जरा थांबा.

तिरपागडे
ज्योतिषाचा पाऊस एकदा बरोबर आला म्हणून पोरीचं लग्नही त्यालाच ठरवायला द्यायचं का, ताई?

ओसरी
तिरपागडे यांचा सूर सोडा, मुद्दा बरोबर आहे. स्थलांतर आणि मातृवंश हे दोन वेगळे दावे आहेत, आणि दुसऱ्याची तपासणी आता हाडांवरून करता येते.

फ्रान्समध्ये गुर्जी नावाच्या ठिकाणी इ.स.पू. ४८०० ते ४५०० च्या सुमाराचं दफनस्थळ आहे. तिथल्या ९४ माणसांचा डीएनए काढला, त्यातल्या ६४ जणांची सात पिढ्यांची वंशावळ जुळली. सगळी बापाकडून. सुना बाहेरून आलेल्या, वयात आलेल्या लेकी जवळपास गायब, म्हणजे लग्न होऊन गेलेल्या. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायरमधल्या हेझल्टन नॉर्थ या इ.स.पू. ३७०० च्या थडग्यातही २७ जणांचं एक कुटुंब: मूळ पुरुष एक, बायका चार, पिढ्या पाच, पुन्हा बापाकडून. आणि दोन्ही दफनं टोळ्या यायच्या हजारएक वर्षं तरी आधीची आहेत. घोडेस्वारांनी बिघडवण्याआधीच इथे मुली सासरी जात होत्या.

जास्वंद
फ्रान्समधलं एक दफनस्थळ आणि इंग्लंडमधलं एक थडगं! गिंबुटास यांचा ‘जुना युरोप’ म्हणजे मुख्यतः डॅन्यूब, बाल्कन, युक्रेनपर्यंतचा पट्टा. विंचा आणि कुकुतेनी या तिथल्या अश्मयुगीन संस्कृतींच्या वस्त्यांत बायकांच्या मातीच्या मूर्ती ढिगाने निघतात. तिथली वंशावळ दाखवा, मग बोलू.

आणि चतालह्योयूक हे अश्मयुगातलं गाव विसरलात? आहे तुर्कस्तानात, पण युरोपचे पहिले शेतकरी अनातोलियातूनच गेले. २०२५ च्या अभ्यासात तिथल्या घरांखाली पुरलेली माणसं आईच्या बाजूने एकमेकांची लागतात. लेकी घराशी बांधलेल्या, मुलगे बाहेर गेलेले. लहान मुलींच्या दफनात मुलग्यांच्या पाचपट वस्तू. पुरातत्त्वज्ञ जेम्स मेलार्टना १९६१ मध्ये दोन बिबट्यांच्या मधे बसलेली ती थोराड बाई सापडली ती इथेच. देवी आणि माहेर, दोन्ही एका गावात.

खापरतुकडा
घरांचं मान्य. माझ्या पहिल्या प्रतिसादाला तेवढी मुरड घालतो. पण मूर्तीचं नाही. मेलार्टनंतर इयन हॉडर यांच्या चमूने तिथे १९९३ पासून पंचवीस वर्षं खणलं. मूर्ती निघाल्या त्यातल्या बहुतांश जनावरांच्या. त्या बिबट्यावालीचं डोकं तर नंतर बनवून बसवलेलं आहे. क्रीटमधली हातात साप धरलेली सुप्रसिद्ध देवी, आर्थर इव्हान्स यांच्या क्नॉससच्या खणण्यातली, तिचंही तेच. (आपल्या इनामगावला मातीच्या डबीत बैलाबरोबर निघालेली बाईही बिनडोक्याची, पण तिला कुणी नवं डोकं लावलं नाही, ही डेक्कन कॉलेजची कृपा.)

निर्वासित_नेकर
मी जर्मनीत श्टुटगार्टजवळ राहते, म्हणून एक भर. इथून जवळ होखडोर्फला इ.स.पू. सहाव्या शतकातलं एका केल्टिक सरदाराचं दफन १९७८ पासून उकरलं. बुटांवर सोन्याचा पत्रा, नऊ पेयशिंगं आणि ५०० लिटरची काशाची कढई, मधाच्या दारूची. सासूबाईंना घेऊन गेले होते. कढई बघून त्या म्हणाल्या, "एवढ्यात आपल्या अख्ख्या गल्लीचा भंडारा झाला असता."

तर २०२४ मध्ये या भागातल्या दफनांचा डीएनए आला. होखडोर्फचा सरदार आणि दहा किलोमीटरवरच्या ग्राफेनब्यूलचा सरदार बहुधा मामा-भाचे. म्हणजे मान बहिणीच्या पोराकडे गेला असावा. पण बघा, कढई कुणाच्या थडग्यात? मामाच्या. वंश आईकडून आणि कारभार तिच्या भावाकडे. मातृवंश म्हणजे मातृसत्ता नव्हे, हे दोन्ही पक्ष विसरताहेत.

ओसरी
+१. आणि जास्वंदताई, तुमच्या बाजूचा सगळ्यात तगडा पुरावा तुम्ही आणलाच नाहीत, तो मीच देतो. इंग्लंडच्या डॉर्सेटमध्ये रोमन यायच्या सुमाराला ड्युरोट्रिजेस नावाची टोळी होती. तिथल्या ५७ जणांचा डीएनए डब्लिनच्या लारा कॅसिडी आणि सहकाऱ्यांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केला. एका कुलाच्या दफनांत दोन तृतीयांशांहून जास्त लोक एकाच आदिमाईचे, आणि बाहेरून आलेले बहुतेक पुरुष. अख्खं गाव घरजावयांचं.

जास्वंद
आणि सीझर लिहून गेला की ब्रिटनचे दहा-बारा पुरुष मिळून बायका वाटून घेतात. बायकोच्या घरी राहणारा नवरा रोमन माणसाला दुसऱ्या कोणत्या शब्दांत सांगता आला असता?

खापरतुकडा
सुंदर. पण ड्युरोट्रिजेस बोलायचे केल्टिक, म्हणजे इंडो-युरोपीय. ज्या टोळ्यांनी देवी बुडवली म्हणे, त्यांच्याच भाषेचे वारस, त्या येऊन दोन हजारांहून जास्त वर्षं झाल्यावर. होखडोर्फचं तेच. बापाकडून चालणारं गुर्जी मात्र टोळ्यांच्या आधीचं. तो मजकूर नेमका उलटा टांगलाय.

जास्वंद
ऱ्हाइनकाठी रोमन काळातल्या शेकडो वेद्या आहेत. तीन आया ओळीत बसलेल्या, मांडीवर फळांच्या टोपल्या. सैनिकसुद्धा नवस फेडायचे. आणि रोमन इतिहासकार टॅसिटस ऱ्हाइनपलीकडच्या जर्मनांबद्दल लिहितो की बहिणीच्या मुलाला मामाकडे बापाइतकाच मान. काही जण तर हे नातं अधिक पवित्र मानतात आणि ओलीस मागताना भाचेच मागतात. देवी आणि आईचं नातं शेजारी शेजारी, आणि तुम्ही म्हणता संबंधच नाही?

खापरतुकडा
तोच परिच्छेद एक ओळ पुढे वाचा. वारस मात्र ज्याची त्याची मुलंच.

तिरपागडे
म्हणजे लाड मामाकडे, सातबारा बापाकडे. आमच्या गावात एवढ्यासाठी डीएनए काढला नव्हता.

जास्वंद
डॉर्सेटचा सातबारा अजून कुणी वाचलेला नाही, तिरपागडे.