‘दुर्मीळ’ की ‘दुर्लभ’? बीअरच्या दर्दींसाठी काही शब्द

प्रश्न

एका दिवाळी अंकासाठी मी मुंबईतील क्राफ्ट बीअरच्या, म्हणजे लहान, स्वतंत्र उत्पादकांनी काढलेल्या बीअरच्या, चाहत्यांवर लेख लिहीत आहे. अंधेरीतील एका घरी महिन्यातून एकदा आठ-दहा जण जमतात. प्रत्येकाने कुठून तरी मिळवलेली एखादी बाटली आणायची, ती सर्वांनी थोडी थोडी चाखायची आणि तिच्याविषयी सविस्तर बोलायचे, असा त्यांचा शिरस्ता आहे. त्यांच्या बोलण्यात ‘व्हेल’ हा शब्द वारंवार येतो. जिच्याविषयी वर्षानुवर्षे ऐकले आहे, वाचले आहे, पण जी हाती लागत नाही, ती बीअर म्हणजे ‘व्हेल’. पहिल्या खर्ड्यात मी ‘दुर्मीळ बीअर’ असे लिहिले, तेव्हा त्यांच्यापैकी एकाने वाचून विचारले, “हे चुकीचे नाही, पण यात आमची तगमग कुठे आहे?” या प्रश्नाने मी अडलो आहे. ‘देवमासा’ असे भाषांतर चालेल का? तसेच चाखलेल्या प्रत्येक बीअरची वहीत नोंद ठेवणाऱ्यास ‘टिकर’ म्हणतात, त्याला आणि ‘बॅच’ला मराठी शब्द सुचवावेत.
— परळ

उत्तर

‘देवमासा’ टाळावा, असे माझे स्पष्ट मत आहे. इंग्रजीतील ही प्रतिमा 1851 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन कादंबरीतून आली. तिच्यातील कप्तान आपला पाय तोडणाऱ्या पांढऱ्या देवमाशाचा समुद्रभर पाठलाग करतो. त्यामुळे ‘पांढरा देवमासा’ म्हणताच जन्मभर हुलकावणी देणारी वस्तू तिथल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे उभी राहते. बीअरच्या शौकिनांनी त्यातला ‘पांढरा’ गाळला आणि उरलेला शब्द उचलला. मराठी वाचकाला देवमासा म्हटल्यावर त्याचा आकार आठवेल, नाहीतर त्याच्या ‘उलटी’च्या तस्करीच्या वृत्तपत्रांतील बातम्या आठवतील, आणि पेयाचे गुणवर्णन करणाऱ्या लेखात ही दुसरी आठवण मुळीच उपकारक नाही.

आता ‘दुर्मीळ’. आधी लेखनाविषयी दोन शब्द: ‘दुर्मिळ’ असे ऱ्हस्व लिहिण्याचा प्रघात मोठा असला तरी हा तत्सम शब्द नाही, म्हणून ‘गरीब’, ‘वकील’ यांच्याप्रमाणे त्याचा उपान्त्य इकार दीर्घच हवा, आपण तो तसा लिहिलात याचे समाधान वाटले. अर्थाच्या बाजूने पाहता या शब्दाला एक मर्यादा आहे, आणि आपल्या मित्राने तिच्यावरच बोट ठेवले आहे. आपण ‘दुर्मीळ नाणी’, ‘दुर्मीळ पक्षी’ म्हणतो, तसेच ‘दुर्मीळ आजार’ही म्हणतो. ‘दुर्लभ आजार’ मात्र मराठीत कोणी म्हणत नाही, कारण आजाराची इच्छा कोणी धरत नाही. ‘दुर्मीळ’ हा शब्द मोजदाद सांगतो, म्हणजे वस्तू थोड्या आहेत एवढेच सांगतो; ‘दुर्लभ’ म्हणताना मात्र ती वस्तू कोणाला तरी हवी आहे, तो तिच्यासाठी खटपट करतो आहे आणि तरीही ती मिळत नाही, हे सारे गृहीत असते. आपल्या मित्राची तगमग याच शब्दात आहे.

हा भेद केवळ कोशातला नाही, हे त्या बाटल्यांकडे पाहिले की ध्यानात येते. बेल्जियममधील वेस्टफ्लेटरेन येथे सेंट सिक्स्टस या मठातील ट्रॅपिस्ट या ख्रिस्ती पंथाचे साधू बीअर तयार करतात. तिचा ‘12’ हा प्रकार 1940 पासून निघतो, त्यात सुमारे 10.2 टक्के मद्यार्क असतो आणि जगातील उत्तम बीअरच्या याद्यांत तो वर्षानुवर्षे वरच्या स्थानी राहिला आहे. हे साधू दर वर्षी लाखो बाटल्या भरतात, म्हणजे संख्येच्या दृष्टीने तिला दुर्मीळ म्हणता येणार नाही. परंतु मठाचा निर्वाह चालेल एवढेच उत्पादन करायचे, ते वाढवायचे नाही आणि घेणाऱ्याने ते पुढे विकायचे नाही, हा त्यांचा नियम आहे. अनेक वर्षे आधी दूरध्वनी करून, गाडीचा क्रमांक नोंदवून, ठरलेल्या दिवशी मठाच्या दारात जावे लागे. 2019 पासून ही नोंदणी संकेतस्थळावरून होऊ लागली. 2012 मध्ये मठाच्या बांधकामाचा खर्च भागवण्यासाठी साधूंनी काही खोकी परदेशांत विकली, हा अपवाद. अंधेरीत बसलेल्या माणसासाठी ही बीअर दुर्लभ आहे, आणि तेथून येणाऱ्या नातेवाइकाने आणायची म्हटले तरी विमानतळावर शुल्क न भरता 2 लिटरपर्यंतच मद्य आणता येते. या मठाची बाटली 330 मिलिलिटरची असते, म्हणजे सहा बाटल्यांचे 1.98 लिटर झाले. हा हिशेब आपल्या लेखात जरूर यावा, कारण ‘दुर्लभ’ म्हणजे काय हे तो कोणत्याही व्याख्येपेक्षा चांगले सांगतो.

याउलट ब्रसेल्स आणि सेन नदीच्या खोऱ्यात होणारी ‘लॅम्बिक’ पाहा. तिच्यात यीस्ट बाहेरून घालत नाहीत. धान्याचा उकळलेला रस उथळ, उघड्या पात्रात रात्रभर निवत ठेवतात आणि हवेतील रानटी यीस्ट त्यात आपोआप उतरते. उन्हाळ्यात नको ते जंतू बळावतात, म्हणून हे काम थंडीच्या महिन्यांतच करतात. पुढे लाकडी पिंपांत ती एक ते तीन वर्षे मुरते, आणि एक, दोन व तीन वर्षे मुरलेल्या लॅम्बिक एकत्र करून ‘ग्योझ’ बनते. ब्रसेल्समध्ये 1900 पासून चालू असलेल्या कँतियोंसारख्या घराण्याने ठरवले, तरी पुढच्या महिन्यात उत्पादन दुप्पट करणे त्याला शक्य नाही. ही खऱ्या अर्थाने दुर्मीळ बीअर. येथे ‘एजिंग’ वगैरे शब्दांची काहीही गरज नाही, लोणच्याने आपल्याला ‘मुरणे’ हे क्रियापद कधीच दिलेले आहे. त्याचे विरुद्ध क्रियापदही घरचेच आहे. हॉप्सचा, म्हणजे बीअरला कडवटपणा आणि सुगंध देणाऱ्या फुलांचा, दरवळ हेच जिचे वैभव, अशी बीअर ठेवून दिली तर मुरत नाही, उतरते, जसा आंबा उतरतो. कोणती बाटली मुरू द्यायची आणि कोणती उतरण्यापूर्वी संपवायची, हे कळणे हाच या छंदातील पहिला धडा आहे, आणि तो संपूर्ण मराठीत सांगता येतो.

तिसरा प्रकार हंगामी. कॅलिफोर्नियातील सांता रोझा येथे 2005 पासून वर्षातून एकदा, आता मार्चच्या अखेरीस, ‘प्लिनी द यंगर’ ही बीअर काही दिवसांपुरती निघते आणि तिच्यासाठी लांबून आलेले लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. हापूसच्या मुहूर्ताच्या पेटीची वाट पाहणाऱ्या मुंबईकराला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

आणि चौथा प्रकार असा, की जेथे अडचण निसर्गाचीही नसते आणि व्रताचीही नसते. बाटल्या मुद्दाम थोड्या भरायच्या, त्यांच्यावर क्रमांक घालायचे आणि चर्चा होऊ द्यायची. त्यासाठी साखर आणि रॉकेलच्या काळापासून मराठीत रुळलेला शब्द आहे: ‘कृत्रिम टंचाई’. ‘व्हेल’ या एकाच शब्दात हे चारही प्रकार कोंबलेले आहेत. आपण ते वेगळे करू शकलात, तर आपला लेख मूळ शब्दाहून अधिक नेमका होईल.

माणसाला काय म्हणावे, हा प्रश्न मला अधिक अवघड वाटतो. पिणाऱ्यासाठी मराठीत शब्द पुष्कळ असले तरी त्यांतील बहुतेक निंदेचे आहेत. ‘तळीराम’ हे तर एका गाजलेल्या नाटकातील पात्राचे नाव, ते सामान्यनाम होऊन बसले. मुंबईत मद्याची उरलेली शब्दसंपत्ती कायद्याने घडवली आहे: 1949 च्या दारूबंदी कायद्याच्या छायेत ‘परमिट रूम’ आली, ‘ड्राय डे’ आला, परवान्याच्या भाषेतून ‘बीअर शॉपी’ आली. चवीविषयी बोलणाऱ्या माणसाला या शब्दांत जागाच नाही. ‘यवसुरा’ हा शब्द कोशात आहे, पण तो कोणाच्या जिभेवर आला नाही. म्हणून मी संगीताकडे वळतो. बैठकीत मागे बसून एका जागेला दाद देणाऱ्यास आपण ‘दर्दी’ म्हणतो, आणि ज्या माणसाला एका घोटात हॉप्सचा कडवटपणा आणि माल्टचा, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्याचा, गोडवा वेगवेगळा कळतो, त्यालाही तोच शब्द शोभतो. ‘टिकर’ मात्र दर्दी असेलच असे नाही. इंग्लंडमध्ये जसे आगगाड्यांचे क्रमांक टिपणारे असतात, तसा तो नोंदी करणारा. त्याला ‘नोंदकरी’ म्हणून पाहावे. काही जण या भटकंतीस ‘बीअरची वारी’ म्हणतात, ते मला अजिबात रुचत नाही. वारी या शब्दाचे स्थान वेगळे आहे आणि ते तसेच राहू द्यावे.
— दादर

शंका

‘दुर्लभ’ या शब्दावर भक्तिवाङ्मयाची छाया आहे, ‘नरजन्म दुर्लभ’, ‘संतदर्शन दुर्लभ’ अशी त्याची संगत आहे. ‘वारी’ नाकारणाऱ्यांनी ‘दुर्लभ’ स्वीकारावा, हे मला विसंगत वाटते. त्याऐवजी ‘कांचनमृग’ का नको? त्यात पाठलाग आहे, मोह आहे आणि मराठी वाचकाला कथा सांगावी लागत नाही. बोलीतले ‘उंबराचे फूल’ही विचारात घ्यावे.
— गिरगाव

शंकेला उत्तर

आपली शंका मला महत्त्वाची वाटते. ‘वारी’ हे एका विशिष्ट आचाराचे नाव आहे, तर ‘दुर्लभ’ हे विशेषण आहे आणि ते केव्हाच व्यवहारात उतरले आहे: या शहरात वाहन उभे करण्यास जागा दुर्लभ झाली आहे, असे आपण रोज म्हणतो आणि त्यात कोणास भक्तीचा भंग दिसत नाही. ‘कांचनमृगा’त पाठलाग आहे हे खरे, परंतु तो मृग मायावी होता, त्याच्यामागे जाणाऱ्याचे अहितच झाले. हा शब्द वापरताच, ती बीअर मुळात फसवी आहे असा निवाडा लेखक देऊन मोकळा होतो. कृत्रिम टंचाईच्या बाटल्यांना तो खुशाल लावावा, तेथे तो अचूक बसेल. मठाच्या दारातून आणलेल्या बाटलीला लावणे अन्यायाचे होईल. ‘उंबराचे फूल’ सुंदर आहे, पण बोलण्यात तो वाक्प्रचार बहुधा क्वचित दिसणाऱ्या माणसासाठी येतो, आणि त्यात माग काढण्याचा भाव नाही.

आपल्या पत्रामुळे मला आणखी एक शब्द आठवला, तो म्हणजे ‘अप्रूप’. बाटली मिळेपर्यंत ती दुर्लभ असते. मिळाल्यानंतर, पेल्यात ओतल्यावर, सगळे जण क्षणभर गप्प होतात, तेव्हा जे वाटते ते अप्रूप. ‘दुर्लभ’ आणि ‘अप्रूप’ मिळून त्या संध्याकाळचे वर्णन पूर्ण होते.

विषयाला धरूनच एक गोष्ट नोंदवतो. इंग्रजीत वेड लागलेल्यास ‘डूलॅली’ म्हणतात, तो शब्द आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचा आहे. सेवेची मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशी नेणाऱ्या जहाजाची वाट पाहत तेथील छावणीत महिनोन्‌महिने अडकून पडत, आणि त्या रिकामपणात भ्रमिष्ट झालेल्याला ‘डूलॅली टॅप’ झाला असे म्हणत. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’. 2009 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या आणि पुढे मुंबईत आलेल्या एका मायक्रोब्रुअरीने, म्हणजे लहान बीअर-कारखान्याने, हेच नाव घेतले, आणि तिच्या टॅपरूममध्ये बसलेल्या मराठी माणसाला बहुधा कल्पना नसते की नावातली देवळाली आपलीच आहे. मिळत नाही त्या वस्तूची वाट पाहून जे वेड लागते, त्याला इंग्रजांनी शब्द नेला तो आपल्याकडूनच.
— दादर

पुरवणी

‘बॅच’चे उत्तर राहिले आहे. चकल्यांच्या एका तळणीस ‘घाणा’ म्हणतात, पण तो शब्द तेलाशी बांधलेला आहे. गुऱ्हाळात काहिलीत एका वेळी उकळायला चढवलेल्या उसाच्या रसास ‘आधण’ म्हणतात. बीअरचा कच्चा रसही भल्या मोठ्या पात्रात एकदम उकळतात आणि त्या एका उकळीतून निघेल तीच बॅच. तेव्हा ‘चौथ्या आधणाची बीअर तिसऱ्याहून अधिक कडवट उतरली’ असे लिहिता येईल. माझे आजोळ कोल्हापूरकडचे असल्याने हा शब्द माझ्या कानात आहे. मुंबईच्या वाचकासाठी पहिल्या उल्लेखात एक वाक्य खुलाशाचे द्यावे. ‘क्राफ्ट’चे भाषांतर मात्र करू नये. अमेरिकेतील उत्पादकांच्या संघटनेच्या व्याख्येत वर्षाला 60 लाख पिंपांपर्यंत बीअर काढणाराही ‘लहान’ धरला जातो, आणि तो स्वतंत्र असेल तर क्राफ्ट ठरतो. त्याला ‘हातची’ किंवा ‘घरगुती’ म्हटल्यास वाचकाची दिशाभूल होईल.
— मुलुंड

प्रश्नकर्त्याकडून

सर्वांचा मनःपूर्वक आभारी आहे. ‘नोंदकरी’ घेत आहे. ‘आधण’ही घेत आहे, आणि त्याचा खुलासा मुलुंडच्या पत्रातील शब्दांतच देईन. ‘व्हेल’ एकदाच, त्यांच्या तोंडचा शब्द म्हणून ठेवला आहे. लेखाचे पहिले वाक्य आता असे झाले आहे: “सहा बाटल्या, 1.98 लिटर, आठ महिने जिचा माग काढला ती दुर्लभ बीअर त्या रात्री अंधेरीत पोहोचली, आणि दहा दर्दींनी पहिली बाटली उघडण्यापूर्वी ती एकेकाच्या हातात देऊन नुसती पाहिली.” ते वाक्य मी त्या मित्राला वाचून दाखवले. त्याने ‘दुर्लभ’ हा शब्द पुन्हा एकदा वाचायला सांगितला.
— परळ