मंच आणि मैदान

मंचावर कृष्णवर्णीय कलाकार असले की वर्णद्वेषविरोधी मैफल सर्वांची झाली, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. ३० एप्रिल १९७८ रोजी लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमध्ये 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' या वर्णद्वेषविरोधी संगीत-चळवळीच्या मंचावर 'द क्लॅश' या गोऱ्या पंक-रॉक वृंदाबरोबर बर्मिंगहॅमचा कृष्णवर्णीय रेगे-वृंद 'स्टील पल्स'ही होता; मैदानातली गर्दी मात्र बहुतांशी गोऱ्या तरुणांची होती. अर्थात, ज्यांचे मन वळवायचे तेच समोर असतील तर त्यात वावगे काय, असेही म्हणता येईल. तरीही इंदूरला आमच्या मंडळाने आंबेडकरी जलसा ठेवला, तेव्हा ढोलकी ऐन रंगात आलेली असताना खुर्च्यांवर आमचीच नेहमीची सभासद मंडळी होती आणि शाहिरांच्या वस्तीतली पाच-सहा मुले दाराशी उभी होती, कारण तिकडे निमंत्रणपत्रिका कोणी पोहोचवल्याच नव्हत्या. पत्रिका वाटणाऱ्यांत मीही होतो.