सोलापूरला कान नाहीत म्हणे!

सातरस्ता_साडेसात
एका स्वतंत्र गायकाचा कार्यक्रम झाला आणि त्यावर पुण्याच्या कुणा रसिकाची पोस्ट फिरतेय. "स्वतः लिहितो, स्वतः चाल लावतो, पाच वादक घेऊन गावोगाव जातो. सोलापुरात हॉल अर्धा रिकामा, वर 'हिंदी होऊ द्या' म्हणून ओरडा. या शहराला चादर आणि शेंगाचटणीपलीकडे काही कळत नाही."

साहेब, शाहीर राम जोशी कुठले होते? पेशवाईत स्वतः रचून स्वतः फडावर उभे राहणारा माणूस या गावचा. शाहीर अमर शेख इथल्याच बार्शीचे. आपलं गाणं घेऊन फिरणारा आम्हाला नवा नाही. कार्यक्रम ठेवला कधी तर ऐन गड्ड्यात, सिद्धेश्वरांच्या यात्रेत! अख्खं गाव होम मैदानावर आणि तुम्ही ४९९चं तिकीट लावून बसलात. जाहिरात काय, तर इन्स्टावर दोन रील. पूर्व भागात एक पोस्टर तरी दिसलं का?

पुण्यात_अडकलेला
गड्ड्याचं मान्य. पण अमर शेखांना मधे आणू नका. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला कुणी तिकीट काढून येत नव्हतं. इथे खरा रोग फुकट पासचा आहे. माझा मेहुणा, चांगलं चालतं दुकान, पास मिळाला नाही म्हणून घरी बसला.

सातरस्ता_साडेसात
मेहुणा तुमचा आणि बदनाम आम्ही? वा.

ऑक्टोपॅड_अण्णा
काय बे, सगळे गायकावरच भांडताय. मागे बसलेल्या पाच जणांची नावं पोस्टरवर होती का? मी वाजवलंय असल्या 'स्वतंत्र' लोकांबरोबर. हॉल भरला की "आपण एक कुटुंब". रिकामा राहिला की "या वेळी जरा समजून घे". नाइट, म्हणजे एका कार्यक्रमाचे पैसे, ठरलेली असते, हातात निम्मी पडते. दुपारपासून साउंड चेकला बसवतात, स्टेजवर आपलं आपल्याला ऐकू यावं म्हणून असतो तो मॉनिटर फक्त गायकाला. आम्ही आपलं अंदाजानं वाजवायचं.

नवीपेठ_काकू
अण्णा, ते राहू द्या. आधी रविवारी हॉल मिळतो का ते विचारा. रिटायर्ड मंडळींच्या कराओके ग्रुपांनी सगळ्या तारखा अडवून ठेवल्यात. नव्या मुलांना मग मिळतो मंगळवार.

सूर_साठीनंतरचे
काकू, आम्ही भाडं भरतो, फुकट नाही. आणि आमच्यात कुणी प्रेक्षकांना शिव्या घालत पोस्ट टाकत नाही.

नवीपेठ_काकू
प्रेक्षक असतात कुठे? एक गातो, बाकीचे आपला नंबर कधी येतो ते बघत असतात.

पुण्यात_अडकलेला
अण्णा, त्या गायकाचा खर्च धरा की. गाडी, लॉज, सहा माणसांचं जेवण, साउंडवाला, सगळं पदरचं. तिकीटसुद्धा ४९९ का, तर ५००पर्यंत जीएसटी माफ आहे. त्याच्या वर गेला की तेही डोक्यावर. २०१२च्या दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराच्या रॉयल्टीचा हक्क पक्का झाला, पण गाणं कुठे वाजलं तर पैसा. तो काय बंगले बांधत नाहीये.

ऑक्टोपॅड_अण्णा
म्हणजे उद्या गाणं गाजलं तरी रॉयल्टी त्याचीच ना? पब्लिक ज्या तुकड्यावर शिट्ट्या मारतं तो मी तालमीत बसवलेला. कागदावर 'संगीत' म्हणून त्याचं एकट्याचं नाव. आणि खर्च मला सांगू नका, लॉजवर एका खोलीत चौघं झोपलोय आम्ही. सातरस्ता, तुम्ही राम जोशी काढलेत ना? त्यांच्या मागे उभं राहून झील धरणाऱ्यांची, सुरात सूर मिसळणाऱ्यांची नावं सांगा. एक तरी.

सातरस्ता_साडेसात
नाही सांगता येत. झालं समाधान? दोनशे वर्षांपूर्वीच्या झीलकऱ्यांचा हिशेब आता माझ्याकडे मागा. त्यावरून सोलापूरला कान नाहीत हे मात्र अजिबात सिद्ध होत नाही.

ऑक्टोपॅड_अण्णा
कान आहेत की. त्या दिवशी 'हिंदी होऊ द्या' म्हणणाऱ्यांनीच नंतर स्टेजमागे येऊन आमच्या पोराचा नंबर घेतला. लग्नाच्या ऑर्केस्ट्रासाठी. नाइट दुप्पट, रोख, जेवण वेगळं.

पुण्यात_अडकलेला
मग तक्रार कसली? जा की लग्नात वाजवायला.

ऑक्टोपॅड_अण्णा
जातोच. पण तिथं नवं काही वाजवायला मिळत नाही, म्हणून तर या भिकेच्या डोहाळ्यांमागे फिरतोय. तुम्हाला नाही कळायचं ते.

सूर_साठीनंतरचे
रविवारी सहा वाजता आमचा जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आहे. प्रवेश विनामूल्य. वादक नाहीत, सगळं ट्रॅकवर, त्यामुळे नाइटचा वादच नाही. काकूंना पहिल्या रांगेत जागा ठेवतो.